सशाचा डावा खांदा

बिल्ले वाटणाऱ्या मुलीनं माझ्या बिल्ल्यावर आमच्या शिवणघराचं नाव वाचलं आणि तोंडावरचं हसू गिळून टाकलं. माझ्या आधीच्या माणसाला तिनं बिल्ला स्वतःच्या हातानं गळ्यात घातला होता. माझा टेबलावर ठेवला आणि एका बोटानं पुढे सरकवला.

"आमचं टेबल कुठंय?" मी विचारलं.

"शेवटचं. संडासाच्या दाराजवळ."

मागे माझी थोरली नणंद दोन्ही हातांत पेट्या घेऊन उभी होती. मी त्यांना वन्सं म्हणते. त्या म्हणाल्या, "बरं झालं. म्हातारपणी तेवढीच सोय."

त्या मुलीला हसू आलं नाही. मलाही आलं नाही, कारण मला तिथं यायचंच नव्हतं.

ते फरी लोकांचं संमेलन होतं. फरी म्हणजे कामधंदा करणारी, चांगली मोठी माणसं, पण बोलक्या जनावरांचं वेड असलेली. प्रत्येकानं आपलं एक जनावर ठरवलेलं असतं, कुणाचा कोल्हा, कुणाचा लांडगा. हौस दांडगी असेल तर त्या जनावराचा डोक्यापासून पंजापर्यंत पोशाखही करून घेतात. ते पोशाख शिवणं हा माझा धंदा. आधी वीस-बावीस वर्षं मी नाटकाचे कपडे शिवले. नाटक कंपनी बंद पडली, तेव्हा एका ओळखीच्यानं लांडगा शिवून मागितला, आणि तिथून हे सुरू झालं. आता माझ्या हाताला मुंग्या येतात म्हणून डोकी मी करते आणि अंगं वन्सं शिवतात.

गिऱ्हाईक आमच्याकडे येत नाही. ते जुन्या कपड्यांवरून स्वतःला चिकटपट्टी गुंडाळून घेतं, मग पाठीवर चिरून तो साचा टरफलासारखा उतरवतं आणि पार्सलनं पाठवतं. आम्ही त्यात चिंध्या भरतो, की झाला त्या माणसाचा पुतळा. त्यावर मापं घ्यायची. पोट सुटलेलं असो, पाठीला पोक असो, सगळं आम्हाला कळतं. फक्त तोंड कळत नाही. आणि जे कळतं ते बाहेर सांगायचं नाही. नाटकात मला ज्यांनी हातात सुई दिली त्यांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, कपड्याच्या आतलं अंग कपड्याच्या आतच राहू द्यायचं. मी ते आयुष्यभर पाळलं, प्रत्येक गिऱ्हाइकाला तसं लिहूनही दिलं.

त्या वर्षी कामं एकदम आटली होती. का, ते कळेना. वन्सं म्हणाल्या, "घरात बसून काय समजणार? जा, चार माणसांत तोंड दाखव. मी येते सोबत." म्हणून टेबल घेतलं.

दुपारपर्यंत आमच्या टेबलाकडे कुणी फिरकलं नाही. मोठं सभागृह होतं, खाली गालिचा, वर पंखे, आणि सगळीकडे जनावरंच जनावरं. मी शिवलेली पाच तरी मला लांबून ओळखू आली. एक तर मी रात्रंदिवस खपून केलेली चित्तीण होती. ती आमच्या टेबलापर्यंत आली, पाटी वाचली आणि पाठ फिरवून गेली. माणसं मोबाइल वर करून आमचा फोटो काढायची, आपसांत काहीतरी बोलायची. वन्सं पाणी आणायला गेल्या तेवढ्यात हिरव्या पोपटाच्या पोशाखातलं कुणीतरी आलं, आमच्या पांढऱ्या टेबलक्लॉथवर जाड पेनानं काहीतरी खरडलं आणि निघून गेलं.

मी वाचलं. "रानमांजराची आई."

वन्सं परत आल्या आणि त्यांनी ते पाहिलं मात्र, सगळ्या हॉलला ऐकू जाईल अशा आवाजात त्यांनी तोंड सोडलं. "कोण तो पोपट? पुढे ये! तुझ्या पंखांना टाका कुणी घातलाय ते सांगते, लांबून उसवलेला दिसतोय!"

तेव्हा कुठे संमेलनाचे अध्यक्ष आले. पन्नाशीचा उंच माणूस, साधा शर्ट, डोक्यावर अस्वलाचे कान लावलेला पट्टा. त्या कानांमुळे त्यांचा राग कमी दिसत नव्हता.

"बाई, तुम्ही इथं यायला नको होतं," ते म्हणाले.

"आम्हाला टेबल तुम्हीच दिलंत."

"नोंदणी करणाऱ्यांच्या नाव लक्षात आलं नाही. मला आज सकाळी कळलं." ते जरा थांबले. "तुम्हाला आम्ही गेल्या वर्षी तीन पत्रं पाठवली. तुम्ही एकाच ओळीचं उत्तर दिलंत."

मला ते आठवत होतं. पत्रात विचारलं होतं की तुम्ही शिवलेल्या करड्या रानमांजराच्या पोशाखात कोण माणूस आहे ते कळवा. मी लिहिलं होतं, 'आमच्याकडे गिऱ्हाइकाची माहिती दिली जात नाही.' का, ते पत्रात नव्हतं; कसल्यातरी भांडणातून आलेली चौकशी असेल असं मला वाटलं. असल्या चौकश्या येतात.

"त्यानं काय केलं?" मी विचारलं.

अध्यक्षांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी सोंग करतेय असंच त्यांना वाटत असावं. मग त्यांनी खालच्या आवाजात सांगितलं. गेल्या संमेलनात रानमांजरानं खारीचा पोशाख घातलेल्या एका मुलीला मागून मिठी मारली. सगळे हसत होते, फोटो काढत होते. त्यांना खेळ वाटला. त्यानं एका हातानं तिचं डोकं मानेवर दाबून धरलं होतं. ती आत ओरडत होती, पण फोमच्या डोक्यातून आवाज बाहेर येत नाही. तसंच उचलून त्यानं तिला जिन्यामागच्या खोलीत नेलं. ती सापडली तेव्हा बेशुद्ध होती.

"बाकीचं सांगायची तिनं मला परवानगी दिलेली नाही," ते म्हणाले. "तो दारावर एका दिवसाचा पास घेऊन आला होता. नाव खोटं, पत्ता खोटा. अख्ख्या जगात त्याला ओळखणाऱ्या तुम्ही एकट्या होतात."

 मी कशी आहे ते मला ठाऊक आहे. चूक उमगली की मी आधी भांडते.

"कात्रीनं खून झाला तर कात्री विकणाऱ्याला धरता का तुम्ही?"

"कात्री विकणाऱ्याला गिऱ्हाइकाच्या छातीचं माप माहीत नसतं, बाई," ते म्हणाले आणि गेले.

वन्संनी पाण्याचा पेला टेबलावर आपटला. मग म्हणाल्या, "पत्रं आली होती हे मला नाही सांगितलंस."

"सांगून काय केलं असतं? नाव-गाव खोटंच होतं. पार्सल तो टपाल कचेरीतून उचलायचा. पुतळा तर तुम्हीच अडगळ म्हणून टाकून दिलात."

"हो, आता माझ्यावर ढकल!"

आम्ही दोघी त्या संडासाच्या दाराशी दातओठ खात बसलो होतो, तेवढ्यात एक मुलगी समोर येऊन उभी राहिली. विशीतली असेल, बारीक, अंगात साधे कपडे आणि कमरेला फक्त खारीचं झुपकेदार शेपूट. मला कुणी सांगावं लागलं नाही.

"तुम्ही हातमोजे फार चांगले शिवता," ती म्हणाली. "बोटांत काय भरता? काही केल्या ती पकड सुटत नव्हती."

मी उठून उभी राहिले. "बाळ, मला खरंच माहीत नव्हतं—"

"बाळ म्हणू नका." तिचा आवाज चढला नव्हता. "मला एवढंच सांगा, तो कसा आहे? जाडा, उंच, म्हातारा? इथं चारशे माणसं आहेत. प्रत्येकाकडे बघताना वाटतं, हाच असेल."

मला जे आठवलं ते मी सांगितलं. मध्यम उंची, मध्यम बांधा. डावा खांदा जरा खाली. मी तो भरून सारखा केला होता.

"म्हणजे बाहेरून दिसणारही नाही."

"नाही."

"छान," ती म्हणाली. "तेव्हाच सांगितलं असतं तर निदान पोलिसांना काहीतरी देता आलं असतं." आणि ती पाण्याच्या टेबलाकडे निघून गेली. तिथं ती सगळ्यांना नळ्या घातलेले पेले भरून देत होती. पोशाखात पाणी प्यायला नळीच लागते.

मी वन्संना म्हटलं, आवरूया. त्या पेट्या उघडायला लागल्या आणि तेवढ्यात हॉलमध्ये जनावरांची मिरवणूक सुरू झाली, म्हणून थांबावं लागलं. मिरवणुकीत सगळ्यांत जास्त टाळ्या पडल्या त्या सशाला. पांढरा शुभ्र, लांब कान, एक कान मधोमध वाकलेला. त्याला सगळे ससोबा म्हणत. हा ससा आमचाच होता, आठ-नऊ महिन्यांपूर्वी केलेला. डोकं माझं, अंग वन्संचं. पोशाखात तो बोलत नसे, नुसत्या हातवाऱ्यांनी सगळ्यांना हसवे. त्याला मिठी मारायला रांग लागली होती.

आणि काय सुचलं कोण जाणे, तो रांग सोडून थेट आमच्या टेबलाकडे आला. सगळ्यांच्या देखत त्यानं छातीवर हात ठेवला, वाकून मला नमस्कार केला आणि हात पसरले. लोक बघत होते. दिवसभरात माझ्याशी सरळ वागलेलं ते पहिलंच कुणीतरी. मला भरून आलं हे मी लपवत नाही. मी त्याला मिठी मारली.

शिंपीण मिठी मारते तेव्हा तिची बोटं गप्प बसत नाहीत. माझी बोटं सवयीनं पाठीवरून शिवण चाचपत वर गेली आणि डाव्या खांद्यावर थबकली. आत फोम होता. दोन बोटं जाड, मानेकडे निमुळता. उजव्या खांद्यात काही नव्हतं. मिठी सोडताना त्याचा डावा पंजा धरला, तर आतला हात मोज्यात दीड इंच आधीच संपत होता, आणि ती कमतरता कापसाची गुंडाळी देऊन भरली होती. रानमांजराच्या डाव्या हातातही मी असाच कापूस भरला होता; मघाशी मुलीला सांगताना तो आठवला नव्हता.

मी हात काढून घेतले. सशानं गोड मान हलवली आणि गेला.

"वन्सं," मी म्हटलं, "सशाच्या डाव्या खांद्यात काय भरलंत?"

"फोम. पडका होता खांदा. का गं?"

"आणि डावा हात?"

"आखूड होता, इंच-दीड इंच. मोज्यात कापूस दिला." त्या माझ्याकडे बघू लागल्या. "तुला कसं माहीत? तो पुतळा तू पाहिलाही नव्हतास."

"रानमांजराचं अंग मी शिवलं होतं, तेव्हा अंगंही मीच शिवायची," मी म्हटलं. "हेच अंग होतं ते."

 दुसऱ्या नावानं, दुसऱ्या पत्त्यानं त्यानं पुन्हा आमच्याचकडे पोशाख मागवला होता. आमची तोंडं बंद राहतात हे त्याला अनुभवानं माहीत होतं.

"पडके खांदे काय एकाचेच असतात?" वन्सं पुटपुटल्या. "चुकलीस तर? चोर सोडून संन्याशाला फाशी व्हायची. इथली माणसं आधीच आपल्याला फाडून खायला बसलीत."

"खांदा एकाचा, आखूड हात दुसऱ्याचा, असं असतं वन्सं. दोन्ही एकाच अंगावर, तेही त्याच मापानं?"

 त्या पाण्याच्या टेबलाकडे बघत होत्या. मीही पाहिलं. ससा तिथं पोचला होता आणि ती खारीवाली मुलगी त्याच्या छातीवर डोकं टेकून उभी होती. डोळे मिटलेले. तो तिच्या केसांवरून पंजा फिरवत होता.

मग मी विचार केला नाही. तशीच गेले आणि म्हटलं, "ससोबा, खांद्यावर उसवलंय. लोकांत शोभत नाही. आत चला, दोन टाके घालते."

त्यानं पंजानं खांदा चाचपला आणि मान डोलावली. हॉलच्या बाजूला एक थंड खोली होती. तिथं माणसं जनावरांची डोकी उतरवून पंख्यासमोर घाम वाळवत बसत. तिथं फोटो काढायचा नाही असा सक्त नियम होता. मी अध्यक्षांनाही खूण केली. ते कपाळाला आठ्या घालून आले. ती मुलगी सशाचा हात धरून आली, वन्सं सगळ्यांत मागून.

आत सात-आठ माणसं होती. मी सशासमोर उभी राहिले. "डोकं उतरवा. शिवण मानेतून घ्यावी लागेल."

त्यानं नकारार्थी मान हलवली.

"मग मी सांगते. या डाव्या खांद्यात दोन बोटं फोम आहे. या हातात कापूस आहे. रानमांजर शिवलं तेव्हा याच खांद्यात मीच दोन बोटं फोम भरला होता."

 सगळे एकदम माझ्यावर तुटून पडले. "आधी त्याला लपवलंत, आता दुसऱ्याच्या गळ्यात मारता?" अध्यक्ष ओरडले. कुणी म्हणालं, हाकला हिला. कुणी म्हणालं, स्वतःची कातडी वाचवतेय. ससा छातीवर पंजा ठेवून मान हलवत होता, बिचारा, वाकलेल्या कानाचा. तो वाकलेला कान माझाच, माझ्याच हातचा. माणूस विरघळेल असा केलेला.

मुलगी माझ्या अंगावर धावूनच आली. "हा माझा मित्र आहे! आठ महिने रोज मला मेसेज करतो. मी रडत असते तेव्हा हा जागा असतो. तुम्ही कोण?"

"मग त्याला म्हणावं, डोकं काढ," मी म्हटलं. "इथं सगळ्यांनी काढलीत."

"कुणावर जबरदस्ती करता येत नाही," अध्यक्ष म्हणाले.

मुलगी त्याच्याकडे वळली. "काढ ना," ती म्हणाली. "हिचं तोंड बंद होईल. माझ्यासाठी काढ."

त्यानं काढलं नाही. त्यानं तिच्या पाठीमागून हात घालून तिला जवळ घेतलं आणि दाराकडे न्यायला लागला, चल, इथं नको, असं सांगितल्यासारखं. तीन-चार पावलं ती गेली. मग तिचा चेहरा बदलला. मी तो चेहरा पाहिला, मला तो विसरता येत नाही.

"सोड," ती म्हणाली.

त्याचा हात तसाच राहिला.

"सोड! हाच आहे हा. हीच पकड आहे. सोड मला!"

या वेळी तिच्या डोक्यावर फोम नव्हता, आवाज सगळीकडे गेला. त्यानं तिला सोडलं आणि तो पळाला. पण सशाचे पाय हातभर लांबीचे असतात, त्यात पळता येत नाही, हे आम्हा शिवणाऱ्यांना पक्कं ठाऊक. दारात वन्सं उभ्या होत्या. त्यांनी शांतपणे त्याच्या पायाच्या पंजावर स्वतःचा पाय दाबला. तो तोंडावर आपटला आणि डोकं सुटून खुर्च्यांखाली घरंगळत गेलं.

आतून चाळिशीचा माणूस निघाला. नीट कापलेले केस, घामानं निथळलेला, कुठल्याही कचेरीत शोभेल असा. त्याला कुणीच ओळखलं नाही. अध्यक्षांनी आणि दोघांनी त्याला धरून ठेवलं. तो त्यांच्याकडे बघतही नव्हता. तो माझ्याकडे बघत होता.

"तुम्ही सांगत नाही असं तुम्ही लिहून दिलं होतं," तो म्हणाला. "माझं डोकं द्या."

मी डोकं उचललं आणि टेबलावर ठेवलं, त्याच्या हाताला लागणार नाही असं. पोलीस आले तेव्हा ते त्यांच्या हवाली केलं. माझा जबाब दोन तास चालला. खांदा, हात, तारखा, पार्सलांचे पत्ते, जे माझ्याकडे होतं ते सगळं मी दिलं. ती पत्रं आली तेव्हा द्यायचं होतं तेच.

बाहेर आले तर ती मुलगी जिन्याच्या पायरीवर बसली होती, शेजारी तिची आई. मी थांबले. ती वर न बघता म्हणाली, "आभार मानणार नाही मी."

"नको मानू."

"आठ महिने मी त्याला सगळं सांगत होते. रात्री कशाची भीती वाटते ते. सगळं." मग तिनं वर पाहिलं. "तुम्ही एक ओळ लिहिलीत. एक ओळ."

तिच्या आईनं मला हातानं जा म्हणून सांगितलं. मी गेले.

हॉलमध्ये आमचं टेबल कुणीतरी आधीच मिटून ठेवलं होतं. अध्यक्षांनी अस्वलाचे कान काढून खिशात कोंबले होते. ते म्हणाले, "तुम्ही आज योग्य केलंत, बाई. पण लोक घाबरलेत. आज याचं सांगितलं, उद्या माझं सांगतील, असं म्हणतायत. तुम्ही मागच्या दारानं गेलात तर बरं."

"तेव्हा सांगितलं नाही म्हणून शिव्या, आता सांगितलं म्हणून शिव्या," वन्सं म्हणाल्या. "तुमच्यात माणसं किती आणि जनावरं किती, एकदा मोजून घ्या." मी त्यांना दंडाला धरून सामानाच्या लिफ्टमध्ये नेलं. लिफ्टमध्ये मला म्हणाल्या, "तुलाही शिव्या द्यायच्यात मला, घरी गेल्यावर." आणि दिल्या. मी ऐकून घेतल्या.

नंतरच्या दोन महिन्यांत हातातली सहा कामं परत गेली. उरलेले पुतळे आम्ही ज्याचे त्याला पाठवून दिले. एकानं नुसतं 'पोचला' असं कळवलं, बाकीच्यांनी तेही नाही. खटला उभा राहिला. मी दोनदा साक्षीला गेले, आणि त्याच्या वकिलानं मला अडाणी शिंपीण म्हटलं. वन्संनी शाळांच्या गणवेशाचं काम आणलं, त्यावर घर चालू लागलं. गणवेश शिवण्यात काही डोकं लागत नाही. मला ते आवडलं नाही, पण केलं.

पावणेतीन महिन्यांनी एक खोकं आलं. आत खारीचं डोकं होतं, दुसऱ्या कुणीतरी केलेलं, बरं केलेलं. सोबत चिठ्ठी. मी वन्संना वाचून दाखवली.

"हे डोकं आतून एका हातानं, एका झटक्यात निघायला हवं. कुणी बाहेरून दाबून धरलं तरी निघायला हवं. तोंडाची जाळी मोठी करा, आवाज बाहेर गेला पाहिजे. मी तुम्हाला माफ केलेलं नाही. आणखी दोघांना विचारलं, ते म्हणाले असं होत नाही. खटला संपला की मला हे घालायचं आहे."

"उर्मट आहे," वन्सं म्हणाल्या.

"आहे."

त्यांनी डोकं उलटं करून आत हात घातला, अस्तर चाचपलं. "मागून पूर्ण उभं चिरावं लागेल. आणि आतून ओढायला दोरी."

"दोरी अडकेल. पट्टी लावू, चिकटणारी, कानापासून मानेपर्यंत."

"मग दाबलं की आणखीच घट्ट बसेल की ती. दोन फाका कर. ढकललं की पुढे-मागे पडतील अशा."

गणवेशांचा ढीग बाजूला सारून आम्ही बसलो. पहिलं जमलं नाही. दुसरं वन्संनी स्वतःच्या डोक्यावर चढवलं, मी वरून दोन्ही हातांनी दाबून धरलं, आणि त्यांच्या अंबाड्यातला काटा अस्तरात अडकून त्या आतून मला नाही नाही ते बोलल्या. सगळं स्पष्ट ऐकू आलं, म्हणजे जाळी तरी जमली होती. मी पुन्हा उसवायला घेतलं.